साडेतीन मिलिमीटरची गोष्ट

मराठी माणसाला साडेतीन हा आकडा भारी प्रिय. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, पेशवाईतले साडेतीन शहाणे. आजची गोष्टही साडेतीनचीच आहे, फक्त मिलिमीटरची. आणि विषय ऐकून दचकू नका: पिस्तुलं.

आधीच सांगून टाकतो, मला शस्त्रांचा शौक वगैरे नाही. आपल्याकडे साध्या परवानाधारकाला ९ मिमीचं पिस्तूल मिळतही नाही, ते 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये मोडतं. मला आवडतो तो यामागचा इंजिनिअरिंगचा इतिहास. कारण त्यात एक असा प्रश्न आहे जो तुम्हाआम्हाला दर सहा महिन्यांनी कुठल्यातरी मीटिंगमध्ये भेटतो. एक चालू सिस्टिम आहे. छोटीशी, नीट चालणारी, लोकांच्या अंगवळणी पडलेली. आणि एक दिवस वरून फर्मान येतं की लोड वाढणार आहे, ताकद वाढवा, पण बॉक्स तोच ठेवा हं!

पिस्तुलांच्या जगात हे फर्मान शंभर-सव्वाशे वर्षं येतंय. काडतूस मोठं करा, पण पिस्तूल तेवढंच राहू द्या. होल्स्टर तेच, मूठ तीच, माणसाचा पंजा तोच. कधी हे जमलं, कधी फसलं, आणि एकदा तर जमलं की फसलं हे ठरवायलाच पंचवीस वर्षं गेली. तीच गोष्ट मुख्यतः सांगायची आहे. पण त्याआधी थोडं बेसिक.

काडतूस म्हणजे चार गोष्टींचं पुडकं: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की दारू पेटते, वायूचा दाब गोळीला नळीतून पुढे ढकलतो आणि (न्यूटनसाहेबांच्या कृपेने) तेवढाच हिशेब मागेही चुकता होतो. ऑटोमॅटिक पिस्तुलात या मागच्या धक्क्यावरच पुढचं काम चालतं. वरचा लोखंडी भाग, म्हणजे स्लाइड, मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, स्प्रिंगच्या जोरावर पुढे येतो आणि येताना मुठीतल्या मॅगझिनमधून नवं काडतूस उचलतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

म्हणजे पिस्तुलाच्या आकाराला काडतूस दोन बाजूंनी बांधून ठेवतं. काडतुसाची लांबी ठरवते मुठीची पुढून मागपर्यंतची जाडी, कारण मॅगझिन मुठीत असतं. आणि काडतुसाची ताकद ठरवते स्लाइड आणि फ्रेमला किती मार खावा लागणार ते. पहिली गोष्ट दिसते. दुसरी दिसत नाही, काही हजार गोळ्यांनंतर कळते. आपल्याकडे कसं, डेमोला सगळं झकास आणि प्रॉडक्शनमध्ये तीन महिन्यांनी रडारड. तसंच.

पहिला पॅच : १९०२

जमलेल्या प्रयोगापासून सुरुवात करू. जर्मनीत जॉर्ज लुगर यांचं पिस्तूल आधी ७.६५ मिमीचं काडतूस वापरायचं. त्याची पुंगळी बाटलीसारखी, बूड रुंद आणि तोंड निमुळतं. लष्करांना ही गोळी लहान वाटत होती, त्यांना मोठी हवी होती. लुगर यांनी काय केलं? बाटलीची निमुळती मान काढून टाकली, २१ मिमीची पुंगळी १९ मिमीची केली आणि तोंडात ९ मिमीची गोळी बसवली. बूड तेच. गोळीसकट एकूण लांबीही जवळपास तीच. त्यामुळे मॅगझिन तेच चाललं, मागची यंत्रणा तीच चालली, बदलली ती फक्त नळी.

हे ९ मिमी पॅराबेलम. १९०४ मध्ये जर्मन नौदलाने घेतलं, १९०८ मध्ये भूदलाने, आणि पुढे ते जगातलं सर्वांत जास्त चाललेलं पिस्तुलाचं काडतूस झालं. म्हणजे ज्याला आज आपण मूळ स्टँडर्ड समजतो तोही एके काळी जुन्या चौकटीत बसवलेला पॅचच होता. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

लुगर यांचं जमलं याचं कारण साधं आहे. इंटरफेस तोच ठेवला, आणि ताकदीतली वाढ जुन्या यंत्रणेच्या आवाक्यातली होती.

मुद्दाम लांब केलेलं काडतूस : १९३५

आता अमेरिकेत जाऊ. तिथे पोलिसांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असायचं, बहुतेक .३८ स्पेशलचं. स्मिथ अँड वेसनची मधल्या आकाराची 'के-फ्रेम' १८९९ पासून याच काडतुसासाठी बनत होती. हातात नीट बसणारी, कमरेला जड न होणारी. १९२०-३० च्या काळात मोटारीतून पळणारे दरोडेखोर आले, आणि .३८ ची गोळी गाडीच्या पत्र्यापुढे कमी पडते अशी ओरड सुरू झाली.

कंपनीने १९३० मध्ये पहिला उपाय केला: मोठ्या 'एन-फ्रेम'चं रिव्हॉल्व्हर आणि त्यासाठी जास्त जोराचं .३८ काडतूस. पण एक गोची होती. पुंगळीचा आकार नेहमीच्याच .३८ चा. म्हणजे कोणीही ते जोरदार काडतूस उचलून जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये घालू शकत होता.

म्हणून १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं तेव्हा पुंगळी मुद्दाम लांब केली. २९.३ मिमीची ३२.८ मिमी. साडेतीन मिलिमीटर! दारूला जागा कमी पडत होती म्हणून हे केलेलं नाही. नवं काडतूस जुन्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये बसूच नये, एवढाच हेतू. उलट .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये जुनं .३८ मात्र आरामात चालायचं. बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी ठेवली आणि चुकीचा वापर आकारानेच बंद केला. मला विचाराल तर ही या सगळ्या इतिहासातली सगळ्यात समंजस साडेतीन मिलिमीटर आहेत. मॅन्युअलमध्ये 'कृपया असे करू नये' लिहिण्यापेक्षा ते करताच येणार नाही अशी सोय करणं केव्हाही बरं.

(पहिलं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर एफबीआयचे संचालक जे. एडगर हूवर यांना भेट गेलं होतं. एफबीआय या गोष्टीत पुन्हा येणार आहे.)

पण ती एन-फ्रेम होती धोंड्यासारखी. दिवसभर कमरेला वागवायची म्हणजे शिक्षाच. बॉर्डर पेट्रोलमधले बिल जॉर्डन नावाचे पट्टीचे नेमबाज कंपनीच्या मागे लागले की हीच ताकद आम्हाला के-फ्रेममध्ये द्या. १९५५ मध्ये कंपनीने दिली. चांगलं पोलाद, त्यावर जास्त काळजीपूर्वक उष्णतेची प्रक्रिया, सिलिंडर थोडा लांब. नाव 'कॉम्बॅट मॅग्नम', पुढे मॉडेल १९. मोठ्या भावापेक्षा साधारण दीडशे ग्रॅमनी हलकं. पोलिसांना प्रचंड आवडलं.

आता कागदावरचे आकडे बघा. .३८ स्पेशलसाठी अमेरिकन मानकात कमाल दाब १७,००० पीएसआय, .३५७ साठी ३५,०००. दुप्पट! मग मॉडेल १९ टिकलं कसं? त्याचं उत्तर पोलादात जेवढं आहे तेवढंच वापराच्या पद्धतीत आहे. त्या काळची रीत अशी की सराव .३८ ने करायचा (स्वस्त, धक्का कमी) आणि ड्यूटीवर .३५७ भरायचं. म्हणजे बंदुकीच्या आयुष्यातल्या बहुतेक गोळ्या हलक्याच असणार होत्या. डिझाइनमागे हे गृहीतक होतं, आणि ते कुठल्याही ड्रॉइंगवर लिहिलेलं नव्हतं.

१९७० च्या दशकात हे गृहीतक मोडलं. जे काडतूस ड्यूटीवर वापरणार त्यानेच सराव करा, असं पोलिस खाती म्हणू लागली (आणि ते बरोबरच होतं, जीव त्यावर अवलंबून असतो). त्यात बाजारात १२५ ग्रेनच्या हलक्या, फार वेगवान गोळ्या आल्या. के-फ्रेममध्ये नळीचं मागचं तोंड सिलिंडरला जागा देण्यासाठी खालच्या बाजूने थोडं सपाट केलेलं असतं. तिथे धातू सगळ्यात पातळ. गरम वायूचा मारा रोज तिथेच. शेवटी तड जायची तीही तिथेच, घड्याळात सहा वाजतात त्या जागी.

१९८० च्या सुमारास कंपनीने शेवटी के आणि एनच्या मधली 'एल-फ्रेम' काढली. मूठ के-फ्रेमचीच, पण नळीचं तोंड भरभक्कम. थोडक्यात, पंचवीस वर्षं पॅच लावून झाल्यावर नवं आर्किटेक्चर. ओळखीचं वाटतंय ना?

११ एप्रिल १९८६

आता मुख्य गोष्ट. सकाळी साडेनऊची वेळ, फ्लोरिडात मायामीच्या दक्षिणेकडची वस्ती. बँका आणि पैशांच्या गाड्या लुटणारे दोघे जण, मायकेल प्लॅट आणि विल्यम मॅटिक्स, दोघेही लष्करात राहून आलेले, एका चोरीच्या गाडीत एफबीआयच्या नजरेस पडले. गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि गोळीबार सुरू झाला. आठ एजंट विरुद्ध दोघे. पाच मिनिटांच्या आत सुमारे १४५ गोळ्या झाडल्या गेल्या. जेरी डव्ह आणि बेंजामिन ग्रोगन हे दोन एजंट ठार झाले, आणखी पाच जखमी. दोन्ही दरोडेखोर मेले. त्यांना शेवटी थांबवलं ते एडमुंडो मिरेलेस या एजंटने, स्वतःचा एक हात निकामी झालेला असताना.

या सगळ्यात एका गोळीने पुढची तीस वर्षं गाजवली. सुरुवातीलाच डव्ह यांची ९ मिमीची गोळी प्लॅटच्या उजव्या दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली, फुप्फुसात गेली आणि हृदयाच्या साधारण एक इंच अलीकडे थांबली. जखम जीवघेणीच होती. पण जीव जायला वेळ लागला, आणि त्या वेळात प्लॅट आपल्या रायफलने गोळ्या झाडत राहिला. डव्ह आणि ग्रोगन मारले गेले ते त्यानंतर.

एक इंच. या एका इंचाबद्दल जेवढं लिहिलं गेलंय तेवढं क्वचितच कुठल्या इंचाबद्दल लिहिलं गेलं असेल.

इथे जरा थांबून त्या सकाळी काय काय चुकलं याची यादी करू. समोरच्याकडे रायफल होती आणि एजंटांकडे बहुतेक रिव्हॉल्व्हर. एकाची शॉटगन मागच्या सीटवर राहिली, हात पोचला नाही. गाड्या आदळल्या तेव्हा दुसऱ्याचं रिव्हॉल्व्हर कुठेतरी उडालं. म्हणजे आपल्या भाषेत रूट कॉज एक नव्हतं, पाच-सहा होते. पण 'योजना, तयारी, गाडीतली मांडणी' हे सगळं दुरुस्त करायला अवघड आणि सांगायला त्याहून अवघड. 'गोळी एक इंच कमी पडली' हे वाक्य मात्र कोणालाही कळतं. त्यामुळे सगळं लक्ष तिकडे गेलं.

हेही खरं की एफबीआयने नुसता दोष देऊन हात झटकले नाहीत. सप्टेंबर १९८७ मध्ये क्वांटिकोच्या अकादमीत त्यांनी जखमांचा अभ्यास करणारे डॉक्टर आणि तज्ज्ञ बोलावले. त्यातून पुढे एक ठोस मोजमाप उभं राहिलं: शरीराच्या जागी जिलेटिनचा ठोकळा, आणि गोळी त्यात किमान बारा इंच गेली पाहिजे. मग समोर जाड कपडे ठेवून, पत्रा ठेवून, प्लायवुड ठेवून, गाडीची काच ठेवून पुन्हा तेच. गंमत बघा, डव्ह यांची गोळी तिच्या डिझाइनप्रमाणे अगदी बरोबर वागली होती. ती पटकन फुलावी आणि फार खोल जाऊ नये, अशीच बनवलेली होती. कोड स्पेकप्रमाणे चालला, स्पेक चुकीचा होता.

१० मिमी, आणि त्याला लावलेली कात्री

या चाचणीत १० मिमी ऑटो काडतूस चांगलं उतरलं. हे काडतूस १९८३ मध्ये 'ब्रेन टेन' नावाच्या पिस्तुलाबरोबर आलेलं. पिस्तूल बनवणारी कंपनी १९८६ मध्ये बुडाली, काडतूस मात्र राहिलं. मूळ १० मिमी म्हणजे जोरदार प्रकरण. एफबीआयने ते पूर्ण ताकदीने वापरलं नाही. त्यांनी १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ९५० फूट वेगाने जाईल एवढीच दारू घातली, कारण तेवढ्यात बारा इंचांचं काम होत होतं आणि धक्का सोसवत होता. यासाठी १९९० मध्ये स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १०७६ आलं. मोठं धूड, वजन रिकाम्यानेच किलोच्या वर.

आणि आता इंजिनिअरच्या डोक्यात जे यायला पाहिजे ते आलं. १० मिमीची पुंगळी २५.२ मिमी लांब. एफबीआय त्यात दारू घालणार कमी. म्हणजे पुंगळीत बरीच रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेसाठी एवढी मोठी मूठ कशाला? स्मिथ अँड वेसनने विंचेस्टर कंपनीबरोबर बसून पुंगळी आखूड केली. २५.२ ची २१.६. साडेतीन मिलिमीटर (बरोबर सांगायचं तर ३.६, पण एवढं चालवून घ्या).

एवढ्याने काय झालं? काडतूस ९ मिमीच्या पिस्तुलाच्या मुठीत बसायला लागलं. १७ जानेवारी १९९० ला .४० एस अँड डब्ल्यू जाहीर झालं. ऑस्ट्रियाच्या ग्लॉकने तर कमालच केली. त्यांनी आपल्या ९ मिमीच्या ग्लॉक १७ आणि कॉम्पॅक्ट ग्लॉक १९ वरून .४० ची ग्लॉक २२ आणि २३ बनवली, आणि मूळ मालकांच्या आधी दुकानात पोचवली! ग्लॉक १९ आणि २३ शेजारी ठेवली तर बाहेरून जुळ्या बहिणी. मॅगझिनमध्ये १५ ऐवजी १३ गोळ्या, बस. होल्स्टर तेच, सवय तीच.

१९३५ ची साडेतीन मिलिमीटर आणि १९९० ची साडेतीन मिलिमीटर शेजारी ठेवून बघा. पहिल्यांदा पुंगळी लांब केली, ती छोट्या चौकटीत जाऊ नये म्हणून. दुसऱ्यांदा आखूड केली, ती छोट्या चौकटीत जावी म्हणून. १९५५ मध्ये के-फ्रेमने जे केलं तेच इथे झालं, फक्त यावेळी काडतूसच चौकटीसाठी कापलेलं.

जे आकारात दिसत नाही

आता जरा बारावीचं फिजिक्स. कंटाळू नका, दोनच गुणाकार आहेत.

.४० चा कमाल दाब ९ मिमीएवढाच, ३५,००० पीएसआय. त्यामुळे वाटतं की झालं, नळी टिकणार, विषय संपला. पण पुंगळीचं बूड मोठं आहे: ९ मिमीचं साधारण ९.९६ मिमी, .४० चं १०.७७. दाब तोच, क्षेत्रफळ जास्त, म्हणजे मागे बसणारा दणका साधारण सतरा टक्के जास्त.

त्याहून महत्त्वाचं आहे संवेग. ९ मिमीची एक नेहमीची ११५ ग्रेनची गोळी घ्या: साडेसात ग्रॅमच्या आत-बाहेर, वेग सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास. गुणाकार सुमारे २.६. आता .४० ची १८० ग्रेनची गोळी: ११.७ ग्रॅम, वेग ३०० मीटर. गुणाकार ३.५. म्हणजे सव्वापटीहून जास्त. आणि स्लाइडचं वजन तेच ठेवलं तर तिची मागे जातानाची गतिज ऊर्जा संवेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ १.८ पट! आकार तोच, गोळी फक्त एक मिलिमीटरने जाड, आणि फ्रेमवर बसणारा हातोडा पावणेदोन पटीने मोठा. (दारूचं वजन मी यात धरलेलं नाही, पण चित्र बदलत नाही.)

यावर उपाय दोन. स्लाइड जड करा, नाहीतर स्प्रिंग कडक करा. स्लाइड जड केली की 'कॉम्पॅक्ट' हा शब्द हळूहळू खोटा होतो. स्प्रिंग कडक केली की स्लाइड पुढे येतानाही जोरात येते. आणि इथे एक अस्सल रेस कंडिशन तयार होते. मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर ढकलायला ठरावीक वेळ लागतो. काडतूस जड, तर वेळ जास्त. स्लाइड वेगवान, तर मिळणारा वेळ कमी. दोन थ्रेड वेगवेगळ्या वेगाने धावतायत आणि सिंक्रोनायझेशन फक्त दोन स्प्रिंगांच्या भरवशावर. ९ मिमीत या दोघांमध्ये भरपूर फट होती. .४० ने ती फट खाऊन टाकली. पिस्तूल नवं असेल, स्प्रिंगा ताज्या असतील तर सगळं ठीक. स्प्रिंग थकली की अडकायला सुरुवात.

कंपन्यांनी यातून मार्ग काढले. ब्राउनिंगचं हाय-पॉवर हे १९३५ चं ९ मिमीचं पिस्तूल १९९० च्या दशकात .४० मध्ये काढायचं ठरलं, तेव्हा जुन्या फ्रेमचं काम नव्हतं. नवी ओतीव फ्रेम केली, स्लाइड जाड केली, आणि मग ९ मिमीचं हाय-पॉवरही त्याच नव्या फ्रेमवर बनू लागलं. (हाय-पॉवर आपल्यालाही परकं नाही. इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं आपल्या लष्कराचं ९ मिमी १ए हे त्याचंच रूप, आणि आपल्या पुण्यातल्या खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासून काडतुसांच्या धंद्यात आहे.)

ग्लॉकने फ्रेममध्ये एक जादा पिन घातली. मग २०१० च्या चौथ्या पिढीत एकात एक अशा दोन स्प्रिंगा आल्या, मुख्यतः .४० चा मार सोसायला. तर तीच मांडणी ९ मिमीच्या पिस्तुलांना जड पडली! हलक्या काडतुसाला ती कडक स्प्रिंग पुरती दाबता येईना. २०११ मध्ये कंपनीला ९ मिमीवाल्यांना स्प्रिंग बदलून द्यावी लागली. एका क्लायंटसाठी फ्रेमवर्क बदललं आणि दुसऱ्याचं, जे आधी सुरळीत चालत होतं, ते मोडलं. यावर मी जास्त बोलत नाही, वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ताज्या असतील.

या सगळ्याचं टोक बघायचं तर स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ३४०पीडी बघा. खिशात मावणारं, स्कँडियमचं मिश्रण असलेल्या धातूचं, जेमतेम साडेतीनशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर, आणि काडतूस .३५७ मॅग्नम. त्याच्या नळीवर लिहिलंय की १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नका. कारण धक्का असा की सिलिंडरमध्ये वाट बघत बसलेल्या पुढच्या काडतुसांमधल्या गोळ्या स्वतःच्या पुंगळीतून बाहेर सरकू शकतात आणि सिलिंडर अडकू शकतो. १९३५ मध्ये आकाराने सोडवलेला प्रश्न इथे परत मॅन्युअलवर आला.

हाताचा हिशेब

पण पोलादाचं दुखणं पोलादाने बरं होतं. पिन घाला, स्प्रिंग बदला, फ्रेम ओता. एक भाग मात्र कुठल्याच पिढीत बदलता येत नाही, तो म्हणजे पिस्तूल धरणारा हात.

.४० ने १९९० चं दशक गाजवलं. १९९४ ते २००४ या काळात अमेरिकेत नव्या मॅगझिनवर नागरिकांसाठी दहा गोळ्यांची मर्यादा होती, तेव्हा दहाच मिळणार तर मोठ्या घेऊ असं म्हणून लोक आणखी तिकडे वळले. पोलिस खात्यांमागून पोलिस खाती .४० वर गेली. खुद्द एफबीआयने १९९७ मध्ये ग्लॉक २२ आणि २३ घेतली.

आणि मग २०१४ मध्ये त्याच एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने एक टिपण लिहिलं, की आता ९ मिमीकडे परत जाऊ. कारणं अगदी रोखठोक. एक, गोळ्यांची रचना इतकी सुधारली होती की चांगली ९ मिमी गोळी तीच बारा इंचांची चाचणी आता पास करत होती. दोन, बहुतेक माणसं ९ मिमीने जास्त वेगाने आणि जास्त अचूक मारतात, कसलेले नेमबाजही त्यात आले. आणि तिसरी गोष्ट वाचून मी खुर्चीत सरळ बसलो होतो: खऱ्या चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या चुकतात, असं त्यात लिहिलेलं आहे.

चुकलेली गोळी किती इंच आत जाते याला काय अर्थ? ती शून्य इंच आत जाते. उलट ती रस्त्यावरच्या कुठल्यातरी तिऱ्हाइताच्या दिशेने जाते. जाड गोळीने मिळणारा फायदा जिलेटिनमध्ये मोजता येत होता, म्हणून तो सगळ्यांना दिसला. जादा धक्क्याने होणारा तोटा हजारो हातांमध्ये थोडा थोडा विभागलेला होता, म्हणून तो दिसायला पंचवीस वर्षं लागली. २०१६ मध्ये एफबीआयने ९ मिमीच्या ग्लॉकचं कंत्राट दिलं, आणि बरीच पोलिस खाती त्याच वाटेने परतली.

मग .४० ही चूक होती का? मला तसं सरळ म्हणवत नाही. १९९० मध्ये ९ मिमीची गोळी खरोखर तेवढी चांगली नव्हती आणि दोन माणसांचे मृत्यू समोर होते. 'थांबा, वीस वर्षांत गोळ्या सुधारतील' असं त्यांच्या सहकाऱ्यांना कोण सांगणार? हातात जे होतं त्यात तो बऱ्यापैकी तर्कशुद्ध पॅच होता.

पण मागे वळून बघताना जाणवतं की मायामीतून निघालेली खरी मोलाची गोष्ट काडतूस नव्हतीच, ती चाचणी होती. .४० आलं आणि बाजूला पडलं. बारा इंचांचं मोजमाप मात्र टिकलं, आणि काडतूस बनवणारी प्रत्येक कंपनी ते पास करायला धडपडत राहिली. त्या धडपडीतूनच ९ मिमी सुधारली. डव्ह यांच्या गोळीला जो एक इंच कमी पडला तो भरून निघाला, पण पिस्तुलाचा आकार किंवा काडतुसाची ताकद वाढवून नव्हे. गोळीने काय करायला हवं हे आधी नीट लिहून काढलं, म्हणून.

आणि परत आले ते कुठे? लुगर यांनी १९०२ मध्ये जुन्या चौकटीत बसवलेल्या त्या काडतुसावर. दोन मिलिमीटर कमी करून बनवलेला सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो पॅच अजून प्रॉडक्शनमध्ये आहे.

सोमवारी कोणी म्हणालं की 'बॉक्स तोच ठेवा, फक्त लोड वाढवा', तर हो किंवा नाही म्हणायच्या आधी एवढंच विचारा, की वाढलेला भार नक्की कोण सोसणार आहे. बॉक्स सोसणार असेल तर आकडेमोड करता येते. हात सोसणार असेल तर आधी त्या हाताला विचारलेलं बरं.